निरंक आणि कोरे

संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या सूचनांमध्ये सर्वांत कोरडी सूचना कोणती असेल, तर ती 'अशी फाईल अथवा असे फोल्डर नाही' ही. तीत दिलगिरी नाही, उपाय नाही, कोणाकडे बोटही दाखवलेले नाही. साहित्याच्या माणसाला ती वाचून पहिला प्रश्न पडतो तो त्यातल्या 'नाही'विषयी. कोणाच्या दृष्टीने नाही? आणि कुठे नाही? एखाद्या पोथीविषयी संपादक 'प्रत मिळाली नाही' असे लिहितो, तेव्हा ती प्रत जगातून नष्ट झाली असे त्याला म्हणायचे नसते. ज्या मठांत, ज्या दप्तरांत त्याने धुंडाळले तिथे ती आढळली नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. संगणकाचेही म्हणणे तेवढेच असते. गेली दोन वर्षे पावसाच्या नोंदींचे आलेख काढता काढता आम्हाला 'नाही'चे असे अनेक प्रकार भेटले. त्यांतला एक प्रकार असा निघाला की त्यावरून आम्हा दोघांत महिनाभर वाद चालला. त्याविषयी लिहायचे आहे.

आम्ही दोघे पती-पत्नी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघेही मराठीचे एम. ए.; आलेखाशी आमचा संबंध शाळेच्या गणितापाशी संपलेला. पण अण्णांच्या वह्या आमच्याकडे आल्या. अण्णा आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. मात्र त्यांच्याविषयी बोलताना आता आम्ही हा भेद करत नाही. दक्षिण रायगडातल्या एका गावी ते प्राथमिक शिक्षक होते. अंगणात पर्जन्यमापक होते आणि १९८१ ते २०११ असे एकतीस पावसाळे त्यांनी रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजला. साडेआठच का, तर हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठला संपतो म्हणून. आकड्याच्या पुढे शेरा असे: 'नुसती बुरबुर', 'रात्री झोडपले', 'तरण्याने फसवले, म्हाताऱ्याने सांभाळले'. तरणा म्हणजे पुनर्वसूचा पाऊस आणि म्हातारा म्हणजे पुष्याचा, हे वाचकांपैकी ज्यांचे शेताशी नाते आहे त्यांना सांगायला नको. पाऊस मुळीच न झालेल्या दिवसापुढे ते सरकारी दप्तरातला शब्द लिहीत: 'निरंक'.

या वह्यांचे घरगुती पुस्तक करावे, शेऱ्यांची भाषा जशीच्या तशी छापावी आणि प्रत्येक वर्षासमोर त्या वर्षाच्या पावसाचा आलेख द्यावा, असे आम्ही ठरवले. वह्यांतला मजकूर गावाकडच्या एका टंकलेखकाने संगणकावर उतरवला. आमच्या भाच्याने त्यावरून आलेख काढणारी आज्ञावली लिहिली आणि नोकरीसाठी तो बंगळूरला निघून गेला. आज्ञावली पायथन भाषेत होती आणि चित्र काढण्याचे काम मॅटप्लॉटलिब नावाच्या साधनाकडे होते. हे साधन २००३ साली जॉन हंटर या मज्जासंस्थेच्या अभ्यासकाने प्रसिद्ध केले. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युतलहरी डोळ्यांना दिसाव्यात, ही त्यामागची मूळ गरज. हंटर २०१२ साली वारले; साधन मात्र जगभरच्या प्रयोगशाळांतून चालू आहे, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरही ते चालू झाले.

पहिलीच अडचण फाईल न सापडण्याची. पावसाच्या एकतीस फाईली उघडत होत्या. वाऱ्याच्या दिशेची फाईल मात्र संगणकाच्या लेखी अस्तित्वात नव्हती. अशा वेळी तपासायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. आज्ञावली कोणत्या फोल्डरात उभी राहून शोधते आहे, हे आधी पाहायचे. कारण नुसते नाव दिले तर ती पायाखालच्या फोल्डरातच पाहते, शेजारच्या खोलीत डोकावत नाही. मग फाईलचे पूर्ण नाव पाहायचे. कारण विंडोज ही प्रणाली नावाचे शेपूट सहसा लपवते, आणि डोळ्यांना 'सीएसव्ही' दिसणारी फाईल प्रत्यक्षात 'सीएसव्ही'पुढे आणखी एक 'टीएक्सटी' लावून बसलेली असू शकते. दोन्ही पाहून झाले. फोल्डर तेच, शेपूट तेच. फाईलचे नाव 'वाऱ्याच्या नोंदी'. आज्ञावलीतले नावही 'वाऱ्याच्या नोंदी'. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून आम्ही अक्षर अक्षर ताडून पाहिले. काही फरक नाही.

फरक होता तो 'ऱ्या'मध्ये. दर्या आणि दऱ्या, आचार्यास आणि आचाऱ्यास, या जोड्या आम्ही दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहितो. रफाराचा 'र' वेगळा आणि हा डोळ्याच्या पापणीसारखा आडवा 'र' वेगळा, हे आम्हाला चांगले ठाऊक. पण हा आडवा 'र' संगणकात दोन वाटांनी लिहिता येतो, हे ठाऊक नव्हते. युनिकोडमध्ये नुक्त्याचा एक स्वतंत्र 'ऱ' आहे; त्याला हलन्त जोडून 'या' लिहिले की 'ऱ्या' उमटतो. किंवा साधा 'र' घ्यायचा, हलन्त द्यायचा आणि त्यापुढे रुंदी नसलेले एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून 'या' लिहायचा. तरीही तोच 'ऱ्या' उमटतो. टंकलेखकाचा कळफलक एका वाटेने जात होता, भाच्याचा दुसऱ्या. माणसाच्या डोळ्याला एक शब्द, यंत्राला दोन. जुन्या प्रती ताडणाऱ्या संपादकाला दिसणारा पाठभेद निदान दिसतो तरी; हा न दिसणारा पाठभेद होता. फाईल हरवली नव्हती. तिला ज्या नावाने हाक मारली जात होती, ते तिचे नाव नव्हते, इतकेच.

नंतरची अडचण चित्रात आली. आलेख उमटला, पण त्याखाली नक्षत्रांच्या नावांऐवजी रिकामे चौकोन. मॅटप्लॉटलिब मुळात जो टंक वापरते त्यात देवनागरी अक्षरेच नाहीत. जे अक्षर टंकात नाही त्याच्या जागी चौकोन काढायचा, असा रिवाज आहे. या चौकोनांना छापखान्याच्या जगात 'टोफू' म्हणतात, आणि ते कुठेच दिसू नयेत म्हणून गूगलने केलेल्या टंकमालिकेचे 'नोटो' हे नाव 'नो टोफू'वरूनच पडले आहे. नोटोचा देवनागरी टंक बसवला आणि चौकोन गेले. त्यांच्या जागी आलेली अक्षरे मात्र विचित्र होती. 'चित्रा'मधली ऱ्हस्व वेलांटी 'च'च्या मागे जाऊन पडली होती, 'त्र' फुटून 'त', हलन्त आणि 'र' असे सुटे उभे होते. कारण समजल्यावर आम्हाला त्याचे कौतुकच वाटले. आपण 'चि' म्हणताना आधी 'च' उच्चारतो, मग 'इ'. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवते. लिहिताना मात्र वेलांटी आधी येते. साठवलेल्या क्रमातून लिहिण्याचा क्रम घडवणे हे वेगळे काम आहे, आणि आमच्याकडील आवृत्ती ते न करता एकामागून एक अक्षरे मांडत होती. उपाय साधाच निघाला: आलेख अक्षरांविना काढायचा आणि नावे मागाहून, मराठी नीट जुळवणाऱ्या दुसऱ्या साधनात बसवायची.

इथवरच्या अडचणींमध्ये एक साम्य आहे, ते वाचकांच्या लक्षात आले असेलच. या सर्व अडणाऱ्या अडचणी होत्या. फाईल सापडत नाही असे यंत्र स्वतः सांगत होते, चौकोन डोळ्यांत खुपत होते, मोडकी 'चित्रा' लहान मुलालाही कळली असती. त्यांच्यावर संध्याकाळी वाया जातात, पण त्या कोणाला फसवत नाहीत. खरी काळजी पुढच्या अडचणींची होती. कारण त्यांमध्ये यंत्र अडले नाही. त्याने निमूटपणे, देखणे, चुकीचे चित्र काढून दिले.

उदाहरणार्थ आकडे. अण्णा देवनागरी अंक लिहीत, आणि टंकलेखकानेही ते तसेच ठेवले होते, हे योग्यच. पण ज्या मार्गाने आकडे आलेखापर्यंत पोहोचत होते, त्या मार्गावर देवनागरी अंक हे संख्या न मानता शब्द मानले जात होते. आलेखाच्या अक्षावर शब्द आले, तर मॅटप्लॉटलिब त्यांना वर्गवारी समजते: जो शब्द आधी भेटला तो खाली, नंतर भेटला तो वर, आणि सर्वांमधले अंतर सारखे. परिणामी पंचेचाळीस मिलिमीटरच्या डोक्यावर तीन मिलिमीटर आणि त्याच्या डोक्यावर एकशे बारा. प्रत्येक नवा आकडा आधीच्या सर्वांहून वर, म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस जणू चढतच गेलेला. रेषा सुंदर होती. एखाद्याने त्यावर 'वाढता मान्सून' म्हणून परिच्छेदही लिहिला असता. गंमत अशी की पायथनला एकेक आकडा हातात देऊन 'ही संख्या आहे' असे सांगितले, तर ती देवनागरी अंक विनातक्रार वाचते. न सांगता मात्र आपल्या अंकांना तिथे संख्येचे नागरिकत्व नाही.

मग तारखा. अण्णांची '५/६/८७' म्हणजे पाच जून, यात मराठी माणसाला शंका नाही. अमेरिकेत तीच तारीख सहा मे होते. आकडेवारी वाचणारे पंडास हे साधन, त्याच्या २०२३ साली आलेल्या २.० आवृत्तीच्या आधी, प्रत्येक तारीख सुटी सुटी तपासत असे आणि अमेरिकी वाचन शक्य असेल तर ते पत्करत असे. तेरा जूनला तेरावा महिना शक्य नाही, म्हणून ती जूनमध्येच राही. पाच जून मात्र निमूट मे महिन्यात जाई. आमच्या संगणकावर जुनी आवृत्ती होती. त्यामुळे आलेखात जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत दर महिन्याच्या सहा, सात, आठ आणि नऊ तारखांना पाऊस पडलेला, आणि मृगाचा आरंभ जवळजवळ कोरडा. यंत्राने एकही सूचना दिली नाही. आमच्या मदतीला आला तो कोकणातला पाऊस: फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, तीही दरवर्षी, तिथे धो धो पाऊस पडत नाही, एवढे ज्ञान पायथनचे नसले तरी आमचे होते. आलेख तपासायला आलेखाबाहेरचे काहीतरी ठाऊक असावे लागते. साहित्यकृतीची संहिता तपासतानाही आम्ही विद्यार्थ्यांना हेच सांगतो की छंद, काळ आणि बोली ठाऊक नसेल तर चुकीचा पाठ सुबोध वाटतो, आणि म्हणूनच तो टिकून राहतो.

आता 'निरंक'कडे येऊ. हा शब्द मोठा विलक्षण आहे. व्युत्पत्तीने पाहिले तर 'अंक नसलेला'. व्यवहारात मात्र तो एक पक्का अंक आहे. 'निरंक' लिहिणाऱ्याने साडेआठ वाजता अंगणात जाऊन बाटली उचलली आहे, तीत पाणी नसल्याची खात्री केली आहे आणि मग घरात येऊन सही केल्यासारखा हा शब्द लिहिला आहे. कोऱ्या रकान्याची गोष्ट वेगळी. तिथे पाऊस पडला की नाही, हे कोणालाच माहीत नाही. अण्णांच्या वह्यांत दोन्ही आहेत आणि त्यांनी त्यांची कधीही गल्लत केलेली नाही.

भाच्याने नमुन्यादाखल कुठूनतरी घेतलेल्या आज्ञावलीत मात्र दोन ओळी होत्या. पहिली सांगे: ज्याची संख्या होत नाही ते 'नाही' समजा. दुसरी सांगे: जिथे काहीच लिहिलेले नाही तिथे शून्य भरा. या ओळी हजारो लोक रोज वापरतात आणि त्या आपापल्या जागी उपयोगीही आहेत. आमच्या फाईलीत एका रकान्यावर पहिली आणि दुसऱ्यावर दुसरी चालली. त्यामुळे 'निरंक' हा शब्द असल्याने त्याचे झाले 'नोंद नाही', आणि कोऱ्या जागेचे झाले 'पाऊस नाही'. अण्णांनी जे पाहून लिहिले होते ते पुसले गेले, आणि जे त्यांनी लिहिलेच नव्हते ते त्यांच्या नावावर मांडले गेले. संगणकाला हा भेद कळत नाही असे मात्र नाही. 'संख्या नाही' असे सांगणारे एक खास मूल्य, 'नॅन', संगणकाच्या अंकगणिताने १९८५ च्या प्रमाणकापासून मानलेले आहे. ते शून्याहून वेगळे असते. इतकेच काय, ते स्वतःशीही समान नसते. दोन अज्ञात गोष्टी एकच आहेत असे आपण म्हणू शकत नाही, हे त्या नियमात गृहीत आहे. भेद व्यक्त करण्याची सोय भाषेत होती. तिचा उपयोग झाला नव्हता, एवढेच.

शून्य आणि अनुपस्थिती यांच्या या गल्लतीची किंमत कधी कधी माणसांच्या जिवाने मोजावी लागते. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर नष्ट झाले आणि सात अंतराळवीर गेले. आदल्या रात्री अभियंते आणि व्यवस्थापक यांच्यात थंड हवेत उड्डाण करावे की नाही, यावर चर्चा झाली होती. रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कड्यांचे नुकसान आणि तापमान यांचा संबंध पाहताना तेव्हा ज्या उड्डाणांत नुकसान आढळले होते तेवढीच विचारात घेतली गेली. त्या थोड्या बिंदूंमधून काही निष्कर्ष निघेना. चौकशी आयोगाने नंतर सर्व उड्डाणे मांडून दाखवली. ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापमानाच्या वीस उड्डाणांपैकी केवळ तिनांत दोष होता. ६३ किंवा त्याहून कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत तो होता. जी उड्डाणे 'निरंक' म्हणून बाजूला राहिली होती, तीच खरे बोलत होती. काही घडले नाही हीसुद्धा नोंद आहे, आणि ती आलेखावर दिसली पाहिजे.

अण्णांच्या वहीतला आमचा प्रश्न मात्र याच्या उलट बाजूचा होता. १९९६ च्या ऑगस्टमध्ये सलग एकोणीस दिवस कोरे आहेत. आई त्या दिवसांत मुंबईला रुग्णालयात होती. ती घरी परत आली नाही. विसाव्या दिवशी पुन्हा नोंद सुरू होते. तिथला शेरा असा: 'साठलेले पाणी ओतून दिले. मोजले नाही.' वहीत आईविषयी याहून एक अक्षरही नाही.

टंकलेखकाने कोरे दिवस उतरवलेच नव्हते, म्हणजे फाईलीत त्या तारखांच्या ओळीच नव्हत्या. ओळ असून ती रिकामी असती, तर मॅटप्लॉटलिबने तिथे रेषा तोडली असती. ओळच नसल्याने त्याने दोन टोकांचे दोन बिंदू सरळ रेषेने जोडले. आलेखात त्या एकोणीस दिवसांवर एक संथ उतार दिसत होता, जणू पाऊस रोज थोडा थोडा कमी होत गेला आणि अण्णा रोज तो मोजत राहिले. रेषेऐवजी स्तंभ काढून पाहिले, तर दुसरीच पंचाईत: स्तंभालेखात शून्य आणि 'नोंद नाही' या दोहोंच्या जागी डोळ्याला सारखीच मोकळी जागा दिसते. म्हणजे एका चित्रात अण्णा गावातच होते आणि दुसऱ्यात श्रावण कोरडा गेला. दोन्ही खोटे.

इथे आमच्यात मतभेद झाला. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की जवळच्या केंद्रावरचे आकडे मिळवून ही जागा भरावी. हे काही गैर नाही; हवामानाचे अभ्यासक खाडे भरतात, भरल्याचे सांगतात, आणि त्याशिवाय त्या वर्षाची बेरीज होत नाही, इतर वर्षांशी तुलना होत नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की हे पुस्तक तालुक्याच्या पावसाचे नाही, ते एका माणसाच्या पाहण्याचे आहे. त्याने जे पाहिले नाही ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी भरले तर आकडा बरोबर येईल, पण साक्ष खोटी होईल. वाद रात्रीच्या जेवणापर्यंत येई आणि तिथे थांबे. अखेरीस आम्हाला त्या शेऱ्यातल्या एका गोष्टीने निर्णय दिला. अण्णा परत आले तेव्हा बाटलीत पाणी होते. ते मोजून एकोणीस दिवसांची एकत्रित बेरीज लिहिता आली असती. नोंदींच्या शिस्तीत तशी सोयही असते. एकतीस वर्षे नेमाने मोजणाऱ्या माणसाने ते न मोजता ओतून दिले, आणि ओतून दिल्याचे लिहून ठेवले. ती जागा त्यांनी जाणूनबुजून कोरी ठेवली होती. ती भरण्याचा अधिकार आमचा नव्हता. आता आलेखात त्या दिवसांवर फिकट राखाडी पट्टा आहे, खाली 'नोंद नाही' असे लिहिले आहे, १९९६ ची बेरीज दिलेली नाही, आणि सरासरी उरलेल्या तीस वर्षांची आहे.

एक प्रसंग याच्या अगदी विरुद्ध टोकाचा. २७ जुलै २००५ च्या सकाळची नोंद आलेखातून नाहीशी झाली होती. वहीत ती ठळक होती. शेजारी शेरा होता, 'रात्री उठून दोनदा ओतले'. आज्ञावलीतल्या आणखी एका ओळीने सरासरीपासून फार दूर गेलेले आकडे संशयित म्हणून गाळले होते. मोजणाऱ्याचा हात चुकतो, टंकलेखकाचा दशांशचिन्ह सुटतो, म्हणून अशी चाळणी लावतात. पण त्याच चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला अवघा ७३.४. या दोहोंपैकी कोणता आकडा चाळणीने 'अशक्य' ठरवला असता, हे सांगायला नको. आणि नेमका तोच आकडा त्या वर्षाचा इतिहास आहे. अंटार्क्टिकावरील ओझोनची गोष्ट याच जातीची. निंबस-७ या उपग्रहाच्या आकडेवारीत १८० डॉब्सन एककांखालील मूल्यांवर 'संशयित' अशी खूण आपोआप होत असे. यंत्राने ती मूल्ये फेकून दिली, अशी आख्यायिका पुढे पसरली. वस्तुतः ती जपलेली होती आणि शास्त्रज्ञ ती तपासतही होते. पण तो तपास प्रसिद्ध होण्याआधी, मे १९८५ मध्ये, फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या तिघांनी हॅली बे येथील जमिनीवरच्या नोंदींवरून ओझोनची घट जाहीर केली. संशय घेणे ठीक. संशयिताला न सांगता हद्दपार करणे ठीक नव्हे. अण्णांची ती नोंद आम्ही परत जागेवर आणली. तिच्यामुळे त्या वर्षाचे इतर सर्व स्तंभ बुटके दिसतात. दिसोत. त्या रात्रीपुढे ते बुटकेच होते.

हे सर्व करताना आम्हाला राहून राहून भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण होत होती. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. संपादक सुकथनकरांच्या पद्धतीत एक लहानशी खूण आहे. जिथे स्वीकारलेला पाठ निश्चित म्हणता येत नाही, तिथे त्याच्याखाली नागमोडी रेषा असते. वाचणाऱ्याला ती सांगते: इथे जे छापले आहे ते उपलब्ध प्रतींवरून आमचे अनुमान आहे, पाय जपून ठेवा. ज्ञानाचा इतका मोठा डोलारा उभा करणाऱ्यांनी आपल्या अज्ञानासाठी एक खूण राखून ठेवली होती. आमचा राखाडी पट्टा त्या नागमोडी रेषेचा गरीब नातेवाईक आहे, असे आम्ही मानतो.

या वर्षी आम्ही एम. ए.च्या पाठचिकित्सेच्या तासाला एक आलेखही नेऊ लागलो आहोत. विद्यार्थ्यांना प्रश्न विचारतो तो इतकाच: यातल्या मोकळ्या जागा कशाच्या आहेत? पाऊस नव्हता म्हणून, की पाहणारा नव्हता म्हणून, की कोणाच्या तरी चाळणीतून गळले म्हणून? सुरुवातीला वर्ग गप्प असतो. मग कोणीतरी म्हणते की चित्रावरून हे कळणार नाही, मूळ वही पाहायला हवी. ते उत्तर आल्यावर आम्ही वही बाकावर ठेवतो आणि १९९६ चे पान त्यांनाच शोधू देतो.